वारा दोरी गुंडाळून ठेवत नाही

गुरुवार, संध्याकाळच्या धारा झाल्यावर

प्रिय मॅहलन,

दोन टेकड्यांपलीकडे राहणाऱ्या सख्ख्या भावाला ही पोस्टाने पत्र पाठवते, म्हणजे हिचं डोकं फिरलं, असं लोविना म्हणेल. म्हणू दे तुझ्या बायकोला. तुझ्यासमोर बसून बोलायला लागले की तू काहीतरी थट्टा करतोस, मला हसू येतं आणि मुद्दा तसाच राहतो. लहानपणापासून तू असाच सुटत आलास.

आधी बाबांची खबर. हॉस्पिटलातून आणल्यापासून जेवतात बरं, पण पाय अजून सुजतात. खुर्ची मागच्या खिडकीशीच लागते. सकाळी मी दुधाची बादली घेऊन आत आले की पहिला प्रश्न, "आल्या का गं?" आल्या, मॅहलन. एप्रिल लागल्याबरोबर जांभळ्या पाकोळ्या थेट ब्राझीलहून आपल्या परसात आल्या, आणि बाबांनी त्या पाखरांसाठी बांधलेलं खोल्याखोल्यांचं लाकडी घर खांबावर नाही. घर जिथे होतं तेवढ्याच उंचीवर, दारांसमोर थांबाव्या तशा त्या हवेत फडफडत राहतात. मग तारेवर बसतात आणि पुन्हा तेच. बाबांना नीट दिसत नाही, पण आवाज ओळखतात. परवा म्हणाले, "वादळाचं लक्षण दिसलं की घर खाली उतरवायचं, आल्टा. एवढं साधं तुला जमलं नाही?" मी त्यांना सूप भरवलं.

कारण तू त्यांना तसंच सांगितलं होतंस ना, की आम्ही हॉस्पिटलात असताना वादळ झालं, घर पडलं, तुकडे जाळून टाकले. मीही विश्वास ठेवला. बाबांना घेऊन निघाले त्या गडबडीत कप्पीची दोरी सोडून घर खाली घ्यायचं माझ्याकडून राहून गेलं, असं म्हणत कितीतरी दिवस स्वतःला कोसत होते. मग एकदा कोठारात दावं शोधायला गेले. खिळ्यावर त्या कप्पीची दोरी टांगलेली, गोल गुंडाळून, शेवटचा वेढा मधून ओढून घेतलेला. असा वेढा आपल्या घरात तू एकटा घालतोस. वारा फार काही करतो रे, पण दोरी गुंडाळून खिळ्यावर ठेवत नाही. पुढच्या आठवड्यात बियाण्याचे बटाटे आणायच्या निमित्ताने तुझ्याकडे आले. तू घरी नव्हतास. तुझ्या कोठारामागे नव्या खांबावर बाबांचं पांढरं घर उभं होतं आणि त्याच्या खोल्याखोल्यांतून चिमण्यांनी गवत कोंबलं होतं. मी बटाटे घेतले, लोविनाची कॉफी प्यायले आणि बग्गीत बसून निघून आले. वाटभर काही सुचत नव्हतं.

तुला काय वाटलं, घर नेलं की पाकोळ्या मागोमाग येतील? कोंबड्या आहेत त्या? त्या जागा ओळखतात, लाकूड नाही, हे तुला ठाऊक नसावं, याचंच नवल वाटतं. आठवतं, एकदा त्या आल्यावर बर्फ पडलं होतं? हवेत एक किडा उडत नव्हता. बाबांनी अंडी परतून बारीक तुकडे केले आणि आपण दोघं चमच्याने ते वर उडवत होतो, पाकोळ्यांनी हवेतल्या हवेत झेलावेत म्हणून. तू स्वतःच निम्मी खात होतास. आई म्हणाली होती, "माझ्या कोंबड्या पाखरांसाठी घालतात का या मेल्यासाठी, तेच कळत नाही." घुबडाचा पंजा आत पोचू नये म्हणून दारांपुढे जाळी तूच ठोकलीस. रॅकून आणि साप वर चढू नयेत म्हणून खांबाला पत्र्याचं नळकांडं बसवलं, तेव्हा तुझा अंगठा कापला. तो पत्रा इथेच राहिलाय, रिकाम्या खांबाची राखण करत. तुझ्या खांबाला काहीच नाही. चुकून एखादी जोडी तिथे उतरलीच तर रॅकून पिल्लं ठेवणार नाही. रागात असूनही मला हीच काळजी लागते, याचाही राग येतो.

घर मागितलं असतंस तर बाबांनी तुझ्याच हातून दुसरं बांधून घेतलं असतं, खिडकीतून सूचना देत. घर गेल्याचं मला लागलेलं नाही. तू ते नेलंस बाबा हॉस्पिटलात असताना, हे लागलंय. म्हातारा आता परत येत नाही, असं धरून चाललास. मी त्यांच्या उशाशी बसून प्रार्थना करत होते आणि तू इथे त्यांच्या मागे काय काय घ्यायचं ते घ्यायला सुरुवातही केली होतीस. ते परत आले तेव्हा खरं सांगायची लाज वाटली असेल, तेही समजते. पण ती लाज तू माझ्या पदरात टाकलीस, आणि बाबा माझ्याकडे असे बघतात जणू मी त्यांचं काहीतरी मारून टाकलंय. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. दुसऱ्या कुणाकडूनही चाललं असतं.

आता हे पत्र का, ते सांगते. रविवारची उपासना या खेपेला तुझ्या घरी आहे, घरोघर फिरणारी बाकांची गाडीही एव्हाना तुझ्या अंगणात पोचली असेल. आज दुपारी मंडळीचे डीकन आयवन आले होते. बाबांनी त्यांना सांगितलं, "मला बग्गीत उचलून ठेवा, पण प्रभुभोजनाआधीच्या या सभेला मी मॅहलनकडे जाणारच." तुझ्या अंगणात उतरल्यावर मान वर करतील, आणि अधू डोळ्यांनाही आपल्या हातचं घर कळेल. ते उतरवून कोठारात दडवू नकोस. शनिवारी ये, त्यांच्या खुर्चीशी बस आणि तुझ्या तोंडून सांग. मी गोठ्यात जाऊन बसेन. आला नाहीस, तर रविवारी आयवन रीतीप्रमाणे एकेकाला विचारत माझ्यापाशी येतील, सगळ्यांशी तुझी शांती आहे का, मनात कुणाविषयी अढी नाही ना. एवढी वर्षं मी विचार न करता "आहे" म्हणत आले. या वेळी मी "नाही" म्हणेन, आणि मग आपल्या दोघांपायी सगळ्या मंडळीचं प्रभुभोजन थांबेल. का, ते सगळ्यांसमोर विचारतील, तेव्हा बाबा पुढच्याच बाकावर बसलेले असतील.

तुझीच बहीण,
आल्टा