उजवी कळी आधी पडली असती तर

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी वाद घालायची भीती वाटत नाही. परवा वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, सगळं आधीच ठरलेलं असतं की योगायोगही असतो? क्वांटमनं नक्की काय सिद्ध केलं?" मी दरवर्षीचं उत्तर दिलं. घरी आल्यावर मात्र अंबरनाथचं आपलं स्वयंपाकघर आठवलं.

तुम्ही पाटावर बसला आहात, कारखान्याचा खाकी शर्ट अजून अंगात आहे, मी चहा गाळते आहे. माझ्या धाकट्या भावाला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्याला घटसर्प झाला, डॉक्टर म्हणाले मुंबईला हलवा, आजी म्हणाली आधी कौल. मग शिरगावच्या देवळात गुरवानं देवीच्या अंगाला दोन ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर न्यायचं, डावी पडली तर घरीच ठेवायचं. डावी पडली. यंत्र अडलं तर कारण सापडेपर्यंत जेवायला न उठणारे तुम्ही, स्वतःच्या आईच्या शब्दाखातर गप्प बसलात. पोर त्याच आठवड्यात गेलं.

चहाचा कप हातात घेऊन तुम्ही विचारलंत, "तू ते क्वांटम का काय शिकतेस ना? मग सांग, ती उजवी कळी आधी पडू शकली असती का?"

मी पुस्तकी बोलले. "कळीचं मला नाही सांगता येत. पण रेडियमचा कुठला अणू कधी फुटेल, ते आधी कुणालाच सांगता येत नाही."

"कारण आपल्याला ठाऊक नाही म्हणून, की कारणच नाही म्हणून?"

"तेच तर भांडण आहे, आप्पा. कुणी म्हणतं आत काहीतरी लपलेलं आहे, कुणी म्हणतं काहीच नाही. गणिताचं उत्तर दोघांचं सारखंच येतं."

"म्हणजे तुमच्या सायन्सचंही घोडं तिथंच पेंड खातंय," म्हणालात आणि चहा तसाच ठेवून उठलात.

मला तेव्हा तुमचा रागच आला. तुम्हाला भौतिकशास्त्र नको होतं, "नसती पडली" एवढंच माझ्या तोंडून ऐकायचं होतं, हे फार उशिरा कळलं. सगळं ठरलेलंच असेल, तर तुमच्या हातून काही सुटलं नव्हतं. त्यानंतर पुष्कळ प्रयोग झाले. आत साधंसोपं काही लपलेलं नाही इतपत समजलं, पण मूळ तंटा काही मिटला नाही.

तेव्हा आज, गेलेल्या माणसाला दिलासा द्यायला आपलं काय जातं, अशा विचारानं ते दोन शब्द लिहायला बसले होते. लिहवत नाहीत. ते लिहिले, तर धाकटा वाचण्याची शक्यताच कधी नव्हती असं होतं. आणि मला अजून वाटतं, होती.