अस्तराला धक्का न लावता

प्रिय ताई,

आज सकाळी पावाचा एक तुकडा खाल्ला, त्याची खरी किंमत तुला सांगतो. तीन पेले पाणी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या, दोन्ही हात वर करून मारलेल्या उड्या, आणि तुझ्या भावजयीनं दाराआड जाऊन डोळे पुसले ते वेगळंच. एवढा खर्च करून निम्मा तुकडा खाली गेला, निम्मा परत आला. बेकरीवाला बिचारा अख्ख्या पावाचे किरकोळ पैसे घेतो.

तू फोनवर विचारतेस, घसा कसा आहे. घसा ठणठणीत आहे गं, त्यातून गप्पा बघ कशा झरझर निघतात. दुखणं त्याच्या खाली आहे. अन्ननलिका जिथं जठराला मिळते तिथं स्नायूचं एक कडं असतं. घास आला की सैल व्हायचं, गेला की मिटायचं, एवढीच त्याची नोकरी. माझं कडं मिटलं ते मिटलंच. वरची नळीही घास पुढं ढकलायचं विसरून गेलीय. सगळं तिथंच साचतं आणि आडवं झालं की उलट तोंडात येतं, म्हणून मी खुर्चीत बसून झोपतो. पांढरं औषध पाजून फोटो काढला, तर नळी वरती पिशवीसारखी फुगलेली आणि खाली चोचीएवढी निमुळती. फोटो काढणाऱ्याला म्हटलं, अहो, ही तर बाही झाली, वर ढगळ आणि मनगटाला घट्ट. तो हसला, मीही हसलो. बाहेर येऊन मात्र बाकावर बसलो तो तासभर उठलो नाही.

माझे कान तुला ठाऊक आहेत. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता आतल्या टेबलावरची कात्री कापडाच्या एका पदरावर चाललीय की दोन, ते मी नुसत्या आवाजावरून सांगतो. दुकान त्या कानांवरच उभं राहिलं. आता तेच वैरी झालेत. पाणी प्यालो की ते छातीत तुंबलेलं मला ऐकू येतं. दवाखान्यात दोन नर्सा कोपऱ्यात कुजबुजत होत्या, त्यातला ‘भोक पडलं तर’ एवढा तुकडा नेमका माझ्याच कानात येऊन पडला. कुणाबद्दल बोलत होत्या देव जाणे. मी तो घरी घेऊन आलो.

मागच्या वर्षी आत फुगा घालून ते कडं ताणून बघितलं होतं. काही महिने बरे गेले, मग पहिले पाढे पंचावन्न. आता शस्त्रक्रिया. सर्जनबाई तुझ्या भाच्याच्या वयाच्या असतील. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटावर चार-पाच बारीक छिद्रं पाडून दुर्बीण आत घालायची. कड्याच्या स्नायूला वरून खाली उभा छेद द्यायचा, पण त्याच्या आतलं नाजूक आवरण तसंच शाबूत ठेवायचं. मग जठराचाच एक पदर ओढून शिवायचा, म्हणजे आम्ल वर चढत नाही. नळीची ढकलायची ताकद काही परत येणार नाही, पण दार उघडं राहिलं तर घास आपल्या वजनानं उतरेल. मला एका झटक्यात समजलं. कापड कापायचं, अस्तर राखायचं. समजलं म्हणूनच तर घाबरलो. काही कळलं नसतं तर सही ठोकून मोकळा झालो असतो.

मी विचारलं, तुमच्या हातून अस्तर कधी फाटलंय का. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “फाटलंय. तिथल्या तिथं दिसलं, तिथंच टाके घातले. शेवटी नळीत हवा भरून बुडबुडे येतात का, तेही बघतो. ती माणसं आज व्यवस्थित जेवतात.” खरं बोलणाऱ्या माणसाची इतकी धास्ती मला पूर्वी कधी वाटली नव्हती. आणि धास्ती वाटली की मी काय करतो, तुला माहीतच आहे. कॉलर ताठ केली आणि सांगितलं, चाळीस वर्षं कात्री चालवतोय, माझ्या हातून अस्तराला साधा ओरखडा नाही. बाई म्हणाल्या, मग तुमच्याकडून शिकायला हवं. तुझ्या भावजयीनं टेबलाखाली मला चिमटा काढला.

ती मला शूर समजते. पोरगाही. गेल्या महिन्यात दाखल व्हायचं होतं, तेव्हा कुणी सोबत येऊ नका, असं मीच ऐटीत सांगितलं होतं. पिशवी घेऊन दवाखान्याच्या पायरीपर्यंत गेलो आणि मागे फिरलो. दुकानात जाऊन बटणं लावत बसलो. घरी सांगितलं, त्यांचं यंत्र बिघडलंय. मग नळीत साचलेलं फुप्फुसात उतरलं, ताप चढला, खोकला थांबेना. बाई रागावल्या नाहीत, म्हणाल्या, आणखी ताणलंत तर नळी इतकी फुगेल की नुसत्या छेदानं भागणार नाही. आता गुरुवार ठरलाय. ताई, मी पुन्हा पळेन. मला माझी चाल कळते.

शाळेत टोचायला माणूस आला होता ते आठवतं तुला? मी मागच्या भिंतीवरून उडी मारून घर गाठलं होतं. तू मला मनगट धरून परत नेलंस, रांगेत उभं केलंस आणि सुई बाहेर येईपर्यंत सोडलं नाहीस. सगळी शाळा मला ससा म्हणायला लागली, पण ते नाव पाडलेलं तूच. आता सगळे मास्तर म्हणतात, आणि मास्तरचं मनगट कोण धरणार?

म्हणून हे पत्र. फोनवर मी थट्टाच केली असती. बुधवारी ये. नातेवाइकांना जिथून पुढं सोडत नाहीत त्या दारापर्यंत माझं मनगट धर, पुढचं मी बघतो. घरी कुणाला कळायला नको. भावोजींना सांग, तुमचा कोट आणायला चाललेय. त्यांचं पोट वाढतंय आणि माझं आत चाललंय, म्हणजे घरातलं अन्न कुठं जातं ते कळलं. दोनदा सैल करून झाल्यावर शिवणीत सोडायला कापडच उरलं नव्हतं, म्हणून मी तुला म्हटलं होतं, पाठीत उभा छेद देऊन पट्टी घालतो, अस्तराला धक्काही लागणार नाही. काल दुकान बंद ठेवून तेच केलं. खरं सांगायचं तर बाईंना जमेल का, ते मला बघायचं होतं. सगळ्यांत बारीक ब्लेड घेतलं, श्वास धरला, कान लावला, अगदी सावकाश वरून खाली आलो. कुठं काही वेगळं ऐकू आलं नाही. मग कोट खिडकीच्या उजेडात धरला. अस्तर फाटलं आहे.

तुझाच,
ससा