इरावतीच्या पोटात जे असेल ते

मी, लतिका जयवंत घाडीगांवकर, वय बाहत्तर, परळच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त, राहणार लालबाग, माझ्या मागे काय कोणाकडे जावं ते लिहून ठेवते. मला कोणी भरीस घातलेलं नाही. येत्या बुधवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. माझी शेळी इरावती याच आठवड्यात विणार आहे. ती विते तेव्हा मी बहुधा तिच्याजवळ नसेन. नंतर असेन की नाही ते माहीत नाही. म्हणून आज.

डोकं जाग्यावर असल्याचा डॉक्टरचा दाखला असावा, असं ऐकलं. माझ्या ओळखीची डॉक्टर गुरांची आहे. अपूर्वाने माझी खालची पापणी ओढून पाहिली.

"गुलाबी आहे, मावशी. जंत नाहीत."

"आणि डोकं?"

"ते मला शेळीचंही कधी कळलं नाही."

दाखला मिळाला नाही. साक्षीदार मिळाली.

१. लालबागची खोली मुलगा दीपक याला. तो म्हणतो, "आई, ऑफिसात विचारतात तुझी आई काय करते. काय सांगू, शेळ्या राखते?" तेच सांगावं.

२. बँकेतली ठेव नणंद सुभद्रा हिला. त्यातून चारा आणि लसी. दीपकने तिच्याकडे हिशेब मागू नये.

३. लिफ्टमध्ये शेळीचा वास येतो अशी तक्रार लिहिणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरींना माझी अत्तराची कुपी. भरलेली आहे.

४. रे रोडला एका लाकडाच्या वखारीमागे पत्र्याची शेड आहे. माझे यजमान जयवंत त्या वखारीत कारकून होते. जागा मालकांच्या शब्दावर मिळाली, म्हणून ती मला देता येत नाही. शब्द दीपकने नवा करून घ्यावा. शेळ्या मात्र माझ्या आहेत. इरावती, तिची मुलगी पूर्वी, आणि इरावतीच्या पोटात जे असेल ते, हे सर्व सुभद्राला. विकायचं नाही. पण एका अटीवर, आणि ती अट समजावून सांगणं भाग आहे.

इरावती तीनदा व्यायली. तिन्ही वेळा जुळी. तिन्ही वेळा तिने पहिलं करडू टाकलं आणि दुसरं घेतलं. पहिलं जवळ आलं की शिंग उगारायची. दुसऱ्याला चाटत बसायची. पूर्वी ही असंच टाकलेलं पहिलं करडू. तिला आम्ही लालबागला नेऊन बाटलीवर वाढवली. दुसऱ्या वेताचंही तसंच जगलं. गेल्या वर्षीचं गेलं.

का टाकते? सुभद्राचं उत्तर तयार असतं. "वैनी, शेळीक कळता. जा जगाचा नाय, ता ती टाकता."

"पूर्वी जगली की."

"तुमी जगवलास. तिना नाय."

 पण गेल्या वर्षीचं करडू गेल्यावर मी त्याला पुसलं, तेव्हा पंचा लाल भुशाने भरला. त्याच पंच्याचं दुसरं टोक मी त्याच्या भावाला लावलं. ते स्वच्छ राहिलं. मग मला एकेक आठवू लागलं. वखारीत भुसा फुकट. वेळ जवळ आली की सुभद्रा घोटाभर भुसा पसरते. पहिलं करडू ओलं, त्यात पडतं, आणि लोळून लाकडासारखं होतं. दुसरं येईपर्यंत इरावतीने खुरांनी जमीन मोकळी केलेली असते. शेळी आपलं पोर वासावरून ओळखते. पहिल्याला वास येतो तो लाकडाचा.

हे खरं आहे की नाही, मला माहीत नाही. सुभद्राला सांगितलं तर ती म्हणाली, "भुसो नाय घातलो तर कर्डाक थंडी लागात. मग परत तुमीच रडशात."

५. म्हणून अट अशी. या वेताला भुसा घालायचा नाही. धुतलेलं गोणपाट घालायचं. पहिलं करडू पडल्यावर कोणी मध्ये जायचं नाही. काय होतं ते पाहायचं आणि जसं झालं तसं दीपकला सांगायचं. माझं खोटं ठरलं तरी शेळ्या सुभद्राच्याच. मला जिंकायचं नाही. मला कळायला हवं होतं.

६. वजनकाटा, तापमापक, बाटल्या, खुरं कापायची कात्री, सर्व सुभद्राला. तिला सांगायची गरज नाही, पण दीपकने वाचावं. आधी करडाच्या तोंडात बोट घालावं. तोंड थंड असेल तर दूध पाजू नये, आधी ऊब द्यावी. नंतर पहिला चीक. सोसायटीतल्या कोणी खरवस मागितला तर करडांची पोटं भरल्यावर उरेल तेवढाच द्यावा. हा नियम माझ्या सासूबाईंच्या माहेरच्यांनाही लागू.

इथपर्यंत लिहून झालं. दुसरा साक्षीदार, रखवालदार बुधाजी, वखारीचं फाटक सोडू शकत नाही, म्हणून आम्ही शेडमध्येच बसलो होतो. मी सही करणार तेवढ्यात इरावती उठली आणि मागचे पाय ताणून ओरडली. अपूर्वाने कागदावर वीट ठेवली.

पुढचं मी परत बसून लिहिते आहे.

सुभद्राने माझ्याकडे पाहिलं. अट तिला अजून वाचून दाखवली नव्हती. तिने पायाने भुसा कडेला सारला आणि गोणपाट अंथरलं. "बघूया तरी," म्हणाली. पहिलं करडू, मादी, म्हणजे पाठ, गोणपाटावर पडलं. इरावती वळली आणि तिला चाटू लागली. चौथ्या वेतात पहिल्यांदा. बुधाजी फाटक सोडून आत आला होता.

दुसरा, बोकड, घाईत आला. तो घसरून थेट कडेच्या ढिगात गेला. उठला तेव्हा लाल झाला होता. इरावतीने त्याला हुंगलं आणि शिंग उगारलं.

 मी आपलं खरं ठरल्याचा आनंद शोधत होते. तो सापडला नाही. समोर ते करडू थरथरत उभं होतं.

सुभद्रा पुढे झाली. आपल्या पदराने तिने भुसा पुसला, बहिणीच्या अंगावरचं ओलं त्याच्या पाठीवर, डोक्यावर चोळलं, आणि त्याला आईच्या नाकाशी धरलं. इरावतीने मान फिरवली. सुभद्राने परत धरलं. "घे गो बाय. तुझाच आसा." बराच वेळ गेला. मग जीभ बाहेर आली.

"म्हणजे वैनीचाच खरा," बुधाजी म्हणाला.

"एकदा झाला म्हणून काय झाला?" सुभद्रा म्हणाली. "पुढच्या वेताक परत बघूया."

७. सबब कलम पाचमधली अट मी खोडते. साक्षीदारांनी खोडलेल्या जागी सही करावी. शेळ्या सुभद्राला बिनशर्त. 'पोटात जे असेल ते' याचा अर्थ आता एक पाठ आणि एक बोकड.

८. पाठीचं नाव सुभद्राने ठेवावं. बोकडाने आईचं दूध ओढलं की नाही, हे सही करेपर्यंत कळलेलं नाही. त्याचं नाव मी गुरुवारी ठेवीन. तोवर कोणी ठेवू नये.

वरील मजकूर मी वाचला, साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली. हातांना भुसा आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

सही: लतिका जयवंत घाडीगांवकर

साक्षीदार:
१. डॉ. अपूर्वा विकास कासारे, पशुवैद्यक, अँटॉप हिल
२. बुधाजी भिवा तांबे, रखवालदार, रे रोड

(सुभद्राला मिळकत जाते म्हणून तिची साक्ष घेतलेली नाही. ती इथेच आहे. म्हणते, "सही झाली मा? मग चीक काढूक बाटली द्या.")

स्थळ: रे रोड, मुंबई
दिनांक: १८ जानेवारी २०२५