आडवी काठी नसलेलं कुंपण

आये, सुनेनं पनवेलकडच्या घरामागे कोंबड्या पाळल्या आहेत आणि त्या रोज कुंपणावरून उडून शेजाऱ्यांच्या मेथीत जाऊन बसतात. काल जेवताना तिनं सहज विचारलं, "आई, लालबागला तुमच्याकडे कोंबड्या होत्या ना? तुम्ही कसं अडवायचात त्यांना?" उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, तेही तुझ्या आवाजात, तुझ्या मालवणीत. मी मात्र एवढंच म्हणाले की वरून जाळी लाव. मग हात धुऊन उठले. तिला वाटलं असेल, म्हातारीला भाजी आवडली नाही. जे तिला सांगितलं नाही ते तुला लिहिते आहे.

आपली ती बैठी चाळ, मागचं दार उघडलं की हातभर परस, त्याला बांबूचं कमरेएवढं कुंपण, आणि पलीकडे गिरणीची पडीक जागा. तिथे तुटक्या विटांचे ढीग, घाणेरीची झुडपं, आणि लांब टोकाला मोठा रस्ता. बाबा छातीच्या दुखण्यानं गेल्यावर तू गिरणीत, सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यात लागलीस आणि गावाहून येताना टोपलीत कोंबड्या घेऊन आलीस. दादाची छातीसुद्धा नाजूक, त्याला रोज एक अंडं मिळालं पाहिजे, हा तुझा हट्ट. कोंबड्या पडिकात पळायच्या. तू मला मागच्या पायरीवर बसवलंस, माझ्या मांडीत काळी कोंबडी दिलीस आणि तिचा पंख पंख्यासारखा उलगडलास. "घट धर, पण दाबू नको गो. एकाच बाजूची पिसां कापूची. दोनय बाजू कापलंस तर जोर करून उडतली. एक कापलंस की तोल जाता." मग पिसाची कांडी उजेडात धरलीस. "आत लाल दिसला तर सोड. त्या पिसात रगात आसता." कात्रीचा तो कोरडा कचकच आवाज आणि माझ्या हाताखाली धडधडणारा तो एवढासा जीव. कोंबडीला दुखलं नाही. ती अंग झाडून दाणे टिपायला गेली. संध्याकाळी तिनं कुंपणाकडे झेप घेतली, हवेत गोल फिरली आणि आपटली. तू हसलीस. तुला मोकळेपणानं हसताना मी पाहिलं ते बहुधा तेव्हाच शेवटचं.

कारण त्यानंतर ते दिवस आले. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा पहाटेपासून ऐकू यायच्या, गिरण्यांचे भोंगे वाजेनासे झाले, आणि भोंगा नसला की लालबागला दिवस उजाडल्यासारखाच वाटत नसे. दादा एकोणीस वर्षांचा. सभा, मोर्चे, भिंतींवर रंगवणं. पोलीस पुढच्या गल्लीतून शिरले की तो आणि त्याचे मित्र आपल्या मागच्या दारानं निघायचे, कुंपणावरून टांग टाकून पडिकात पसार. परत यायचे तेही तिथूनच. तुला मावशी म्हणायचे, माठातलं पाणी प्यायचे, जाताना कोंबड्यांना हुसकावून हसायचे. तू नुसती त्यांच्या पायांकडे बघायचीस, कोण अनवाणी आहे, कोणाच्या पायाला लागलंय.

मग पडिकाच्या टोकाला पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली आणि हललीच नाही. बंदुका मांडीवर घेऊन शिपाई दिवसभर आपल्या दारांकडे बघत बसायचे. कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या. दुपारच्या वेळी सगळ्या भिंतीला चिकटून एका ओळीत उभ्या असायच्या. तू कुठून तरी लांब बांबू आणलेस आणि कुंपण वाढवायला घेतलंस. पुरुषभर उंच. बांबूंची वरची टोकं कोयत्यानं तासलीस आणि वर आडवी काठी बांधलीच नाहीस. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "कोंबी एका दमात पलीकडे जाणा नाय. आधी काठयेर बसता, मगे उतरता. बसाक जागाच नाय, तर खंय जातली?" शेजारीण म्हणाली, "काय गो, किल्लो बांधतंस काय?" तू म्हणालीस, "कोंबये जातत." मी काथ्याच्या गाठी मारायला तुला मदत केली. पण आये, सगळ्या कोंबड्यांचे पंख आधीच कापलेले होते. पंख कापलेली कोंबडी कमरेएवढं कुंपणही ओलांडत नाही, हे तूच मला शिकवलं होतंस. दादानंही ते कुंपण पाहिलं. त्यानं तासलेल्या टोकावर बोट फिरवलं, तुझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या दारानं निघून गेला.

त्या दिवशी तो सकाळी घरी आला तो रात्रभराच्या जागरणानं पार गळून गेलेला. पुढच्या खोलीत पडल्या पडल्या झोपला. तू पुढच्या दाराला आतून कुलूप घातलंस, किल्ली पदराच्या गाठीत बांधलीस आणि मधल्या दाराला स्वयंपाकघराच्या बाजूनं कडी घातलीस. मला म्हणालीस, "कडयेक हात लावू नको." मग तांदूळ निवडायला बसलीस. दुपारी रस्त्याच्या बाजूनं आधी ओरडा आला, मग फटाफट आवाज. मला वाटलं पत्रे पडतायत. तू सूप खाली ठेवलंस. पडिकातून पळणाऱ्या पायांचा आवाज जवळ आला आणि कुंपण हादरलं. ते दादाचे मित्र होते. त्यांना जुनं कुंपण माहीत होतं, म्हणून तर ते इथे आले. "मावशी! दार कुठंय? इथून रस्ता होता ना, मावशी?" बांबूंच्या फटींतून बोटं दिसत होती. वर धरायला काही नव्हतं. कोणीतरी टोकाला हात घातला आणि ओरडून सोडला. आतून दादा जागा झाला, दार लाथाडायला लागला. "आये, उघड! माझे दोस्त आसत ते! उघड गो!"

तू कोयता घेतलास. मधल्या दाराकडे पाहिलंससुद्धा नाही. काथ्यावर घाव घालत गेलीस, तुझ्याच गाठी, ओल्या करून आवळलेल्या, त्या सुटेनात. दोन बांबू पडले. एक पोरगा आडवा होऊन आत घुसला, मग दुसरा. कोंबड्या पायांखालून बाहेर पळाल्या. तिसरा निम्मा आत आला आणि पुन्हा तो आवाज झाला. तो बांबूंवर तसाच ओणवा राहिला, काहीतरी विसरल्यासारखा. तू त्याला काखेत हात घालून ओढलंस, पायरीवर घेतलंस, लुगड्याचा बोळा त्याच्या पाठीवर दाबून धरलास. तो तुझ्याकडे बघत दोनदा एवढंच म्हणाला, "दार कुठंय?" मग काही बोलला नाही. दादा आत रडत होता. तू कडी काढलीस ती सगळं संपल्यावर.

काही दिवसांनी त्या पोराची आई आली. घाटावरची बाई, गणेशगल्लीजवळच राहायची. उंबऱ्यावर बसली, मोडलेल्या कुंपणाकडे पाहिलं, पण त्याबद्दल विचारलं नाही. म्हणाली, "शेवटाला काय बोललं का वो माझं पोरगं?" मी चुलीपाशी होते. माझे कान गरम झाले. तू म्हणालीस, "पाणी मागितलं त्यानं. मी पाजलं. पोटभर प्याला." ती तुझे हात हातात घेऊन बराच वेळ बसली. तू ते सोडवून घेतले नाहीस. ती गेल्यावर तू मोरीत जाऊन हात धुतलेस.

कुंपण तू परत उभारलं नाहीस आणि कोंबड्याही पुन्हा पाळल्या नाहीत. मुंबईसह राज्य झालं तेव्हा लालबागभर दिवे लागले होते, शेजारीण पेढे घेऊन आली. दादा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तू पेढा घेतलास, हातात धरलास आणि डब्यावर ठेवून दिलास. दादा तुझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. तो भांडला नाही. पगार तुझ्या हातात दिला, दुखण्यात तुझं सगळं केलं, तुला खांदा दिला. पण पुढे त्याचं स्वतःचं घर झालं, तिथे एकाही दाराला बाहेरून कडी नव्हती. वहिनीनं दोनदा बसवून घेतली, दोन्ही वेळा त्यानं स्वतः पेचकस घेऊन काढली. मागच्या पावसाळ्यात तो गेला. त्याला नातवंडं होती, पांढरे केस होते, छातीचा त्रास होता. हे सगळं त्याला तू दिलंस. त्याला ते कधी आपलं वाटलं की नाही, मला ठाऊक नाही.

ते कुंपण कोणासाठी होतं, हे मी तुला कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही. माझी पोरं मोठी होताना मला त्याचं उत्तर कळलं. हे कागद मी सकाळी बंबात घालीन. नाहीतर सून वाचेल आणि मग कोंबड्या विकून टाकेल. फक्त एक सांगायचं आहे. त्या पोराचे पाय मला आठवतात, शर्टाची बटणं आठवतात, त्याच्या आईचा आवाज आठवतो. त्याचा चेहरा आठवत नाही. आठवायला गेले की तिथे दादाचाच येतो, आणि दर वेळी, आये, मला आधी हायसं वाटतं, की दादा कडीआड होता.