कोठाराच्या भिंतीतलं शिंग

आबीब महिना, चंद्राचा विसावा दिवस

यरुशलेमहून अंमलदार आला आणि वेशीत उभं राहून राजाचा हुकूम वाचला. गावोगावच्या वेद्या मोडायच्या. यहोवाला जे काय कापायचं ते यापुढे फक्त यरुशलेमला नेऊन कापायचं, आडगावातला धूर त्याला चालत नाही. इतकी वर्षं चालत होता. आता एकाएकी नाक तिखट झालं असावं.

बायका रडल्या. म्हातारे पायांकडे बघत राहिले. आणि आमचे याजक अमर्या — या वेदीवर चढलेल्या प्रत्येक मेंढ्याची फरी ज्यांच्या पोटात गेली — ते पुढे होऊन अंमलदाराला म्हणतात, "खरं सांगू का, मला मनातून पहिल्यापासूनच हे पटत नव्हतं." ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. पोळी आता यरुशलेमहून येणार, एवढाच काय तो फरक.

मी राजाच्या कोठाराचा कारकून. पपायरस राजाचा, त्यावर फक्त धान्य लिहायचं. मनातलं लिहायला फुटक्या घागरींची खापरं आहेत. त्याची लायकी तेवढीच.

एकविसावा

आई जेवली नाही. "आता गाऱ्हाणं कुणापुढे घालायचं?" म्हणते. म्हटलं, आजवर दगडापुढे घालत होतीस ना, मग डोंगर भरून दगड पडलेत. तिने भाकरी बाजूला सारली.

तेविसावा

वेदी उतरवली. काम गेरा गवंड्याकडे होतं. वेदीच्या चार कोपऱ्यांवर चार शिंगं, ताशीव दगडाची, वर्षानुवर्षं रक्त लावून काळीकुट्ट झालेली. कुणाच्या हातून चुकून माणूस मेला तर त्याने पळत येऊन यातलं एक धरायचं. मग मेलेल्याचा भाऊ सुरी घेऊन समोर उभा असला तरी त्याला हात लावू शकत नाही. लहानपणी पकडापकडी खेळताना आम्हीही हीच शिंगं धरायचो. गावातली मोठी माणसं अजून तोच खेळ खेळत होती, एवढंच म्हणायचं.

तीन शिंगं अंमलदाराच्या माणसांनी घणाने उडवली. चौथ्याच्या वेळेला त्यांना भूक लागली. धर्मकार्य तिथेच थांबलं.

पावसाळ्यात माझ्या कोठाराची मागची भिंत ढासळली होती. दगड चांगला, ताशीव, आयता. गेराला सांगितलं, "हे सगळं त्या भगदाडात भर."

"कारकूनदादा, हा शिंगाचापण?"

"तोपण. आजवर नुसता बसून खात होता, आता जरा गहू राखू दे."

त्याने बसवला, पण शिंग बाहेर काढून, छातीच्या उंचीवर. विचारलं, हे काय ध्यान? तर म्हणाला, "आत वळवायला मन होईना." बरंच झालं. मला खुंटी मिळाली. पाण्याची पखाल तिला अडकवली. सावली असते, पाणी गार राहतं. त्या दगडाने आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं भलं केलं.

पंचविसावा

नेरशी वाजलं. धाकटा भाऊ माझा, मेंढरांमागे फिरतो, सगळ्यांवर विश्वास ठेवतो. यहोवा आहेच, चुलीमागे मातीची अशेरादेवी आहे, शिवाय बाबांच्या थडग्यात महिन्याला भाकरी जाते. दुसऱ्यांच्या घरात उंदीर असतात तसे याच्या घरात देव. (घर माझंही तेच, दुर्दैव.)

पखाल त्याने काढून खाली ठेवली होती. मी परत टांगली.

"दादा, तिथे रक्त लागायचं रे. लोक जीव वाचवायला यायचे तिथे."

"आता मी तहान भागवायला जातो. जीवच वाचतो त्यानेही."

हसला. त्याला राग धरताच येत नाही. हसत हसत पुन्हा काढून ठेवली. मी पुन्हा टांगली.

अठ्ठाविसावा

पखाल खाली. मी पुन्हा वर टांगली. नेर म्हाताऱ्या माणसांसारखा हट्टी झालाय.

झिव महिना, पहिला दिवस

अवेळी पाऊस पडला. कोठाराचं धाबं गळतंय. उद्या गेराला वर चढवून दगडी लोळा फिरवायला लावतो, माती दाबली की गळती थांबेल. अमर्या याजक धान्य मागायला आले होते. वेदी गेली, पोट राहिलं.

झिव, दुसरा

नेर गेला.

झिव, चौथा

लिहितो. दुसरं काय करणार.

गेरा धाब्यावर दगडी लोळा फिरवत होता. माती ओली होती, लोळा घसरला आणि मागच्या बाजूने खाली कोसळला. खाली नेर होता. मी आत मापं घालत होतो. धावत गेलो तेव्हा लोळा बाजूला पडलेला, पखाल फाटलेली, चिखल लाल झालेला. त्याचं तोंड तसंच होतं, काहीतरी चेष्टा करायच्या बेतात असल्यासारखं.

गेरा शिडीवरून उतरला. नेरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पळाला. पळाला कुठे? वेदीकडे! जिथे वेदी होती तिथे, त्या उघड्या मातीवर जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात पुढे करून हवेत काहीतरी शोधत होता. ती वेदी याच माणसाने स्वतःच्या हातांनी उतरवली होती. पायांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग तसाच उलटा पळत आला, भिंतीतल्या शिंगाला मिठी मारली आणि खाली बसला.

संध्याकाळी नेरला बाबांशेजारी ठेवलं. परत आल्यावर आईने डोक्यावरची राख न झाडता बाबांची सुरी माझ्यासमोर ठेवली. "भाऊ तू आहेस," एवढंच म्हणाली.

झिव, पाचवा

गेरा तिथेच आहे. एक हात तरी शिंगावर असतोच. बायको येऊन लहान मुलाला भरवावं तशी भरवते. गावची पोरं लांब उभी राहून बघतात. राजाच्या कोठारात धान्याबरोबर आता खुनीही साठवायचे.

मला त्याला मारायचं आहे. हे लिहून ठेवतो, कारण मोठ्याने म्हटलं तर लोक हसतील — सगळ्याला हसणारा एलासा कारकून, आणि रिवाजाप्रमाणे सुरी घेऊन निघाला. हसू देत. मला नेर पाहिजे. तो मिळत नाही, म्हणून हा पाहिजे.

झिव, सहावा

सकाळी अमर्यांकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काही विचारलं. ते फुलून आले.

"अरे, ती वेदी कुठे राहिली आता? भिंत आहे ती, राजाच्या कोठाराची भिंत. शिंग यरुशलेमच्या वेदीचंच खरं. तू खुशाल जा."

मी इतके दिवस जे बोंबलत होतो, तेच. दगड तो दगड. त्यांच्या तोंडून आलं तरी म्हणणं बिनतोड होतं.

दुपारी सुरी घेऊन गेलो. गेराने डोळे मिटून घेतले, शिंग सोडलं नाही. बोटांची कातडी निघालेली होती. त्याची बायको ओरडलीसुद्धा नाही, फक्त भांडं खाली ठेवलं. मी हात उचलला.

मागून आई आली. मला वाटलं, बघायला आली.

"एलासा, त्याने शिंग धरलंय."

"भिंत आहे ती, आई. याजकबाबांना विचारून आलोय."

"त्याने शिंग धरलंय. आता तो माझा नाही न् तुझापण नाही."

"सुरी तूच दिलीस!"

"तेव्हा मी घरात होते. त्याने काय धरलंय ते बघितलं नव्हतं."

"दगड आहे गं तो!"

"मग विचारायला कशाला गेलास?"

तिने माझ्या हातातून सुरी काढून घेतली, तव्यावरची भाकरी काढावी तितक्या सहज. पोटचा पोर ज्याच्या हातून गेला त्याच्यासमोर ती म्हातारी उभी होती, आणि ज्या वेदीसाठी उपाशी राहिली तिचं एक शिंग उरलं होतं म्हणून तिने त्याला सोडलं. आणि काहीच न मानणारे आम्ही दोघे, मी आणि अमर्या, तेवढे खून करायला मोकळे होतो! थुंकावंसं वाटलं. कुणावर, ते कळेना.

झिव, सातवा

दिवस उजाडताच गेराकडे गेलो, रिकाम्या हाताने. एकच विचारायचं होतं. मेंढरं ओढ्यावर होती, मग त्या वेळी नेर कोठारामागे काय करत होता?

"शिंग धरून दुसऱ्याचं नाव घेऊ नये, कारकूनदादा."

"घे."

मान खाली घालून म्हणाला, "तुमची पखाल काढत होता."

मी भिंतीशी बसलो. हात वर गेला. शिंग लहान आहे, दोघांना जेमतेम पुरतं. गेराने आपला हात जरा सरकवून घेतला.