डाव्या बाजूच्या सतरा चुका

धरणगाव,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय भूमिका,

तुला आशीर्वाद. तुझ्या प्रयोगशाळेत बशीत वाढणाऱ्या गाठीच्या पेशींना मात्र नाहीत.

तुझ्या लेखाची दुसऱ्यांदा तपासलेली प्रत सोबत पाठवते आहे. फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय फोन करायचा नाही.

इकडे थंडी पडली. भरिताची वांगी आली. मंदाबाई सकाळी स्वयंपाकाला येते आणि माझ्याहून जास्त बोलते. तुझा बाप परवा रावेरहून येऊन केळ्यांचा अख्खा घड टाकून गेला. एकटी बाई एवढी केळी कशी खाईल, हा प्रश्न हेमराजला साठ वर्षांत पडलेला नाही. गल्लीत वाटली.

लेख चांगला आहे, पण "न्यूरोपेप्टाइड" हा शब्द पहिल्याच ओळीत वाचकाच्या डोक्यात हाणू नकोस. मी मंदाबाईला सोपं करून सांगितलं. चेतापेशी एकमेकींना निरोप धाडायला प्रथिनाचे बारीक तुकडे सोडतात. सबस्टन्स पी नावाचा तुकडा दुखण्याचा निरोप नेतो. मेंदूतल्या काही दांडगट गाठींच्या पेशी तो निरोप झेलणारे ग्राही अंगावर भरमसाट उगवतात, आणि निरोप मिळाला की वाढत सुटतात. मंदाबाई म्हणाली, "म्हंजे दुसरानी चिठ्ठी फोडीसन वाचनारी, नि वरतून जाडी होनारी. अशी एक आमनी गल्लीम्हा बी शे." हे लेखात घे. तुझ्या दीड पानापेक्षा बरं आहे.

आता तुझी तक्रार. माझ्या दुरुस्त्या घालून नवी प्रत मला धाडलीस आणि लिहिलंस, "आत्या, सतरा चुका सुटल्यात. म्हातारी झालीस, लाल पेन खाली ठेव." अडतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. वह्यांचे गठ्ठे तपासले, वेलांटीसुद्धा सुटू दिली नाही. मला राग आला. ती प्रत घेऊन सतरा चुका शोधायला बसले. एक सापडेना. तुला चांगलं झापायचं ठरवलं.

तेवढ्यात मंदाबाईने ताट वाढलं. भरीत होतं, कांदा होता, भाकरी नव्हती. मी तिच्यावर ओरडले. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाई, भाकर ताटम्हाच शे. तुमले दिसत नही का?" असं म्हणून तिने ताट फिरवलं. डावीकडची ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी उजवीकडे आली आणि मला दिसली.

मी आधी जेवले. भाकरी गार करून खायची मला सवय नाही. मग हात धुतले आणि तुझे कागद उलटे धरले. डावी बाजू उजवीकडे आली. एकेक अक्षर उलटं वाचत गेले. सतराच्या सतरा चुका तिथे होत्या. मेंदूचा उजवा भाग डावीकडचं सांभाळतो, हे मी दरवर्षी दहावीला शिकवत आले. निदान करायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती.

तरी धुळ्याला गेले. मेंदूची शस्त्रक्रिया करणारा ललित माझाच विद्यार्थी. नववीत पेशीची आकृती काढताना केंद्रक विसरला होता. एमआरआयची फिल्म तो पुन्हा पुन्हा उजेडाला धरत राहिला.

मी म्हटलं, "केंद्रक कुठे असतं, आता आठवतं ना?"

"हो बाई."

"मग बोल. तोंडी परीक्षेला घाबरू नकोस."

गाठ आहे. उजव्या बाजूला, वेगाने वाढणारी दिसते. नेमकी कोणती ते तुकडा तपासल्यावर कळेल. कोणती असावी याचा अंदाज तुलाही आला असेल. तू तिच्यावरच लेख लिहिला आहेस. गुरुवारी, वीस तारखेला सकाळी शस्त्रक्रिया. काढलेला तुकडा संशोधनाला द्यायचा का, असं ललितने भीत भीत विचारलं. मी म्हटलं, जरूर दे, माझ्या घरात राहून खाल्लंय, काहीतरी काम करू दे. सही केली.

या पत्राच्या डाव्या कडेला जाड लाल रेघ दिसेल. ललितने सांगितलेली युक्ती आहे. ती रेघ डोळ्यांनी शोधायची आणि मगच ओळ सुरू करायची. सोबतच्या प्रतीवरही प्रत्येक पानाला मारली आहे. सतरा चुका सापडल्या. शिवाय तीन तुझ्याही नजरेतून सुटलेल्या. तरुणपणाचं कौतुक पुरे.

एक चूक राहिली आहे. लेखाचं शेवटचं वाक्य, "या गाठीवर लवकरच औषध मिळेल." पहिल्या प्रतीत मी ते खोडून "पुरावा?" असं लिहिलं होतं. तू हट्टाने तसंच ठेवलंस. उलटी थांबवणारं एक औषध ते ग्राही बंद करतं, बशीतल्या पेशी त्याने मरतात, हे खरं. माणसांत अजून सिद्ध झालेलं नाही. "लवकरच" हा शब्द तिथे बसत नाही. या खेपेला पेन उघडून बराच वेळ बसले. खोडलं नाही. ते वाक्य कागदाच्या उजव्या बाजूला आहे, भूमिका. मला स्वच्छ दिसत होतं.

हेमराजला अजून बोलले नाही. ऐकलं की तो अर्ध्या गावाला टेम्पोत घालून दवाखान्यात आणेल. त्याला तू सांग, आणि टेम्पो आणू नको असंही सांग.

प्रयोग सोडून येऊ नकोस, असं या पत्राच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. ते पान फाडून पुन्हा लिहिलं. बुधवारी, एकोणीस तारखेला, संध्याकाळपर्यंत धुळ्याला ये. ते वाक्य ठेवायचं की खोडायचं, दोघी मिळून बघू.

लाल पेन खाली न ठेवलेली,
तुझी चारुलता आत्या