बारकीचा बघायचा कार्यक्रम

छावणी, छत्रपती संभाजीनगर
सोमवार, भर दुपार

तीर्थरूप आवडाआत्या,

पायावर डोकं ठेवतो आणि ते तिथंच ठेवून पुढचं लिहितो, कारण वर केलं तर तू काय फेकून मारशील याचा नेम नाय. गुडघे कसे आहेत? आईचा डावा हात हलायला लागला का अजून तसाच? तिला लकवा झाल्यापास्नं तू तिचं सगळं करतीस, हे मला कळत नाय असं समजू नको. हे पत्र तुला वाचून दाखवणाऱ्या अंगणवाडीच्या प्रेरणाबाईंनाही नमस्कार. बाई, पत्रात शी-शूचे शब्द लई येतील, लाजून गाळू नका, तुमचं तर रोजचंच काम आहे. (आणि जिथं मी कंसात ‘हळू’ लिहिलंय तिथं आवाज बारीक करा. आई पडल्यापडल्या सगळं ऐकते.)

फोनवरच सांगितलं असतं, पण तू मला दोन शब्द बोलू देतीस आणि तिसऱ्याला फोन ठेवतीस. काल तीनदा ठेवलास. दीपमालाताईंनी तुला काय सांगितलं ते मला शब्दाशब्दानं माहीत आहे. मुंजाबा हाटेलात बायकांच्या संडासात घुसला, कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि त्याच हातानं लेकराला उचलून चालता झाला. आत्या, हे सगळं खरं आहे. फक्त मधे हात दोनदा साबणानं धुतला होता, तेवढं त्यांनी सांगितलं नसंल.

आता मुळापास्नं सांगतो. मूळ म्हणजे वेरूळ. तिथं मी लेण्याबाहेर टूरिस्टांना चमकणारे दगड विकत होतो तेव्हाची गोष्ट. (त्याआधी ट्रकवर होतो, त्याआधी मेंढरांमागं, आणि शाळेत होतो ते तुला माहीतच आहे, तिथं मी पाऊस असंल तेव्हाच बसायचो.) एकदा एक गोरा बाप गवतावर कापड टाकून पोराची शी काढत होता. बायको बाजूला उभी राहून फोटो काढत होती, लेण्याचा नाय, त्याचाच. आम्ही सगळे दगडवाले पोट धरून हसलो. मी सगळ्यात जास्त. पंधरा दिवसांनी आपल्या शीलाला बाळंतपणाला दवाखान्यात आणल्याचा फोन आला आणि (हळू) मी पोचलो तेव्हा नर्सबाईनं माझ्या हातात एक गाठोडं दिलं. त्यात एक साडी, चार बांगड्या आणि चपला. मग म्हणाल्या, लेकरू काचेच्या पेटीत आहे, सही कोण करणार? शहराजवळ आपल्याकडचं माणूस म्हणून मी एकटाच. मी माझं नाव लिहिलं, तेही वाकडं आलं.

बावीस दिवसांनी बारकीला पेटीतनं काढलं. आदिनाथदाजी बायको गेल्यापास्नं भिंतीकडं बघत बसले होते. ते म्हणाले, मुंजाबा, दोन दिवस सांभाळ, मी काहीतरी बघतो. त्यांनी बघितलं. दुसरी बायको बघितली. ती म्हणाली लेकरू नको. ते दोन दिवस आज सात महिन्यांचे झाले. दाजींना मी शिव्या देत नाय, तूच देतीस, तेवढ्या पुरतात.

तर या सात महिन्यांत मला एक कळलं. एवढ्या मोठ्या शहरात लेकराला घाण करायला जागाच जागा आहे आणि ती घाण काढायला एक नाय. म्हणून मी माझेच कायदे केलेत. जिथं कुणी जेवतंय तिथं लंगोट बदलायचा नाय. जिथं कुणी पाया पडतंय तिथं नाय. (यातच निम्मं शहर गेलं.) वारं कुठल्या बाजूला आहे ते आधी बघायचं. खाली आबांच्या घोंगडीचा तुकडा टाकायचा, लोकर ओल खाली उतरू देत नाय. घाण लंगोट पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि ती दुसरी पिशवी कुणाच्या मांडीजवळ ठेवायची नाय. हे मी बँकेत शिकलो. शेजारच्या साहेबांनी आपली समजून उघडली, तेव्हा आख्खी रांग पुढं सरकली आणि माझं काम लवकर झालं. पण त्या साहेबांनी मला जे बघितलं ते मी विसरलो नाय. घाणीकडं बघतात तसं नाय. लेकराची आई कुठाय, असं बघितलं.

ज्या दारावर बाईचं आणि लेकराचं चित्र असतं त्या दारापाशी एक माणूस उभा असतो. तो म्हणतो, इथं जेन्ट्स नाय चालत, लेडीजला पाठवा. (हळू) लेडीजला मी कुठनं आणू? मग मी बाहेर येतो, भिंतीकडं तोंड करून, घोंगडीवर, पटापट. आता मी डोळे मिटून करतो. एका हातात दोन्ही पाय, दुसऱ्या हातात फडकं, पिन दातात. हसायला तेव्हाचे दगडवाले पाहिजेत.

सध्या मी गुलमंडीत एका कापडाच्या दुकानात तागे उचलायला आहे. मी कामाला गेलो की शेजारची खाला बारकीला बघते. एक दिवस खालाला ताप होता म्हणून तिला दुकानात नेलं. लग्नाचं गिऱ्हाईक बसलेलं, पांढऱ्या गादीवर शालू पसरलेले, आणि बारकीनं दोन शालूंच्या मधे बरोबर जागा बघून सोडलं. शालूला थेंब लागला नाय, नेम चांगला आहे तिचा. मालक ओरडले नाय. गादीची चादर उलटी केली आणि म्हणाले, मुंजाबा, गिऱ्हाईक असंल तेव्हा तिला गोदामात ठेव. ती दिवसभर गठ्ठ्यांमधे पडून होती. रडलीसुद्धा नाय. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मीच तुला फोन केला होता, आठवतं का, की आत्या, हिचं काहीतरी कर. आणि तू केलंस. दाजींच्या बहिणीला, दीपमालाताईंना, बोललीस. बारकीची सख्खी आत्या, सिडकोत फ्लॅट, लग्नाला आठ वर्षं, पदरी लेकरू नाय. याच्याहून चांगलं घर मला कंदील घेऊन शोधूनही सापडलं नसतं. ताईंचे मिस्टर शिवमराव म्हणाले आधी बाहेर कुठंतरी बघू, आवडली तर घरी. तर असा हा बघायचा कार्यक्रम. सात महिन्यांची पोरगी, दोन दात, आणि मी तिला दोनदा आंघोळ घालून, नवीन फ्रॉक चढवून जालना रोडच्या एसी हाटेलात घेऊन गेलो. तू बजावलं होतंस, तिला साफ ठेव आणि तुझं तोंड बंद ठेव. दोन्ही केलं. अर्धा तास.

त्यांनी खरंच पोहे मागवले, आत्या. शिवमरावांनी विचारलं, रात्री झोपते का, खोकला आहे का, सगळ्या सुया टोचल्या का. रंग उन्हानं आहे का मूळचा, हेही विचारलं. माणूस वाईट नाय, गाडी घेतानाही असंच विचारत असंल. ताई काही विचारत नव्हत्या. त्यांनी दोन्ही हात रुमालाला पुसून बारकीला घेतलं. म्हणाल्या, संस्कृती, इकडं बघ ना. (नाव त्यांनी घरूनच आणलं होतं.) बारकीनं त्यांचं मंगळसूत्र धरलं आणि सोडेना. ताई हसल्या आणि हसताहसता त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. मी म्हटलं, झालं, जमलं. मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं, आणि मी पोह्यातले शेंगदाणे एका बाजूला काढत बसलो.

तेवढ्यात वास आला.

मी बारकीला आणि पिशवीला घेऊन उठलो. जेन्ट्समधे नुसती बेसिनं आणि आरशापुढं भांग पाडणारा एक माणूस. लेकराला ठेवायची फळी आहे ती लेडीजमधे. ताई म्हणाल्या, द्या, मी करते. मी दिली. दारापाशी उभा राहिलो. आतनं त्यांचं गुणगुणणं ऐकू येत होतं. पंधरा मिनिटं लागली, मला दोन लागतात. बाहेर आल्या तर बारकी पुडीतनं काढल्यासारखी. पांढरा डायपर, त्यावर अस्वलं, अंगाला पावडरीचा वास. सात महिन्यांचा माझा वास पंधरा मिनिटांत गेला होता. मी विचारलं, ताई, लंगोट? त्या म्हणाल्या, टाकला, घाण होता तो.

आता इथं थोडं मागं जावं लागंल. दवाखान्यातनं आलो तेव्हा बारकीसाठी काहीच नव्हतं. ते गाठोडं तेवढं होतं. त्यातली साडी, जांभळी, पांढऱ्या ठिपक्यांची, सुती. (हळू) दवाखान्यात जाताना नेसली होती ती. खालानं हात लावून बघितली आणि म्हणाली, “मां का कपडा है रे, नरम है. इसकू रख के क्या करता? फाड.” मला होईना, मग तिनंच दातानं कड तोडली आणि टर्र करून फाडली. मी बाहेर जाऊन बिडी ओढली. चौदा लंगोट झाले. चार वाऱ्यानं गेले, दोन झिजले, एक छावणीतल्या बकरीनं खाल्ला. उरले सात. धुऊन धुऊन कांद्याच्या पापुद्र्यासारखे झालेत, पण ओल काय धरतात. दुकानात एवढे तागे उचलतो, तसं कापड नाय.

आणि सातातला एक त्या डब्यात.

म्हणून मी आत गेलो. इतकंच. आत तीन बायका होत्या, एकीच्या तोंडात पिना. ओरडायला तोंड उघडलं तर पिना सांडल्या. झाडणारी मावशी फडकं घेऊन अंगावर आली, म्हणाली, “ओ भाऊ, बायांचं हाय हे, भाईर व्हा.” मी तोवर हात घातला होता. वर कागद, खाली कागद, त्याच्या खाली कुणाचं काय काय, ते प्रेरणाबाईंनासुद्धा वाचायला लावत नाय. मी म्हटलं, “मावशी, लंगोट आहे, बहिणीच्या साडीचा.” तिनं विचारलं, “बहीण कुठाय?” मी हात आणखी खाली घातला. तिनं डबा पायानं माझ्याकडं सरकवला. लंगोट सापडल्यावर माझ्या हातातनं घेतला, तिथल्या गोऱ्यापान बेसिनात वासाचा साबण ओतून स्वतः धुतला, पिळला आणि झटकून दिला. बाकीच्या बायकांना म्हणाली, “झालं, जातंय ते लेकरू.” लेकरू मला म्हणाली.

ओला लंगोट घेऊन मी टेबलाशी आलो. ताईंचा चेहरा पांढरा झाला होता. आजूबाजूचे सगळे आमच्याकडं बघत होते, हे मला आता कळतं. मी म्हटलं, “ताई, ही शीलाची साडी आहे.” त्या हळूच म्हणाल्या, “मला कुणी सांगितलंच नाही.” खरं आहे, मीच सांगितलं नव्हतं. तोंड बंद ठेवायचं होतं ना. शिवमराव म्हणाले, अहो, तसलीच नवी घेऊ, दोन घेऊ. इथवर मी ऐकून घेतलं. पण मग ताई बारकीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, “आमच्याकडं आली की असल्या चिंध्यांत नाही राहणार ती.”

त्या लेकराच्या मायेनंच बोलल्या, आत्या. मला कळतं. तरी मी शिवमरावांच्या मांडीवरनं बारकीला उचललं, खांद्यावर टाकलं आणि बाहेर पडलो. पोहे तसेच राहिले. डायपर घालूनच आलो, तोही परत द्यायचा राहिला. पण तो आता परत देण्यासारखा नाय.

तर चूक माझी. ताईंची काडीची नाय. त्यांच्याकडं खोली आहे, गाडी आहे, डॉक्टर आहे, आणि पंधरा मिनिटं लागली तरी त्यांना पुसता येतं. मी कोण? ज्याला एका जागी चार महिने बसवत नाय तो. (इथं सात झाले, पण ते मोजू नको.) तू त्यांना फोन कर, माझी माफी सांग, आणि जमलं तर पुन्हा एकदा बघायला बोलव. या वेळेला मी हाटेलाच्या बाहेर थांबंन.

आईला सांग, बारकी खाते-पिते, दुसरं काय सांगू नको. तुझ्या गुडघ्यांना तेल लाव.

तुझा,
मुंजाबा

ता. क. माळ्यावर शीलाची निळी पेटी आहे. त्यात तिच्या तीन सुती साड्या असतील, त्या पाठव. नायलॉनची पाठवू नको, ओल धरत नाय. फाडून पाठवू नको. मी इथं फाडंन. आता येतं मला.

ता. क. दीपमालाताईंना फोन करायचं वर लिहिलंय, ते त्या तीन साड्या संपेपर्यंत थांबव. एका साडीचे चौदा, म्हणजे बेचाळीस लंगोट. जपून वापरले तर ते विरेपर्यंत ती चालायला लागंल, आणि शी-शू लागली की स्वतः सांगंल.

ता. क. साड्या पाठवण्यापेक्षा तूच घेऊन ये. एक दिवस प्रेरणाबाई आईपाशी बसतील. (बसाल ना, बाई?) बारकीचं बारसं अजून झालं नाय. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून सगळे थांबले आणि तसंच राहिलं. दवाखान्याच्या कागदावर अजून ‘शीलाची बेबी’ लिहिलंय. तर तूपण आत्याच आहेस, माझी असलीस म्हणून काय झालं. नाव तुला आवडंल ते ठेव. फक्त (हळू) शीला नको. हिला दिवसातनं दहादा रागवावं लागतं.